स्कॉटलंडांतील जुने पत्ते आणि कुलशोध

पत्ता हा बहुधा ओळखीच्या माणसासाठीं लिहिलेला असतो. लिहिणारास जें पक्कें ठाऊक असतें तेंच तो गाळतो, आणि शंभर वर्षांनीं वाचणारापाशीं नेमकें तेवढेंच नसतें. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इत्यादि देशांत पसरलेले स्कॉटिश वंशज आपल्या पूर्वजांचा माग काढीत जुनीं दप्तरें चाळूं लागले, म्हणजे त्यांची गांठ प्रथम अशाच पत्त्यांशीं पडते.

तेथें सक्तीची सरकारी जन्ममृत्युनोंद १८५५ च्या जानेवारीपासून सुरू झाली. त्यापूर्वींचा आधार म्हणजे पॅरिशच्या वह्या. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दींतील गांवांचा समूह. आतां त्या देशाची जुनी चाल अशी कीं, थोरल्या मुलास आजोबांचें नांव ठेवावयाचें. ही चाल आपणांसही परकी नाहीं. चार भावांच्या घरीं त्यामुळें चार जॉन जन्मास येतात, आणि एकाच पॅरिशमध्यें एकाच नांवाआडनांवाचे पांचसहा गृहस्थ एके काळीं नांदत असतात. त्यांतील आपला कोणता, हें ठरविण्यास पुष्कळदां पत्त्यावांचून दुसरें साधन उरत नाहीं. तो चुकीचा लावला, तर आपल्या वंशवृक्षावर परक्या कुळाची फांदी चढते, आणि पुढील सर्व पिढ्यांचे श्रम वायां जातात.

आपले शास्त्रकार शब्दाच्या अर्थांत योगार्थ आणि रूढार्थ असा भेद करतात. स्कॉटिश पत्ते वाचतांना हा भेद पदोपदीं आठवावा. ‘लँड’ हा शब्द पाहून शेत किंवा जमीन समजणारा फसतो. शहरांत लँड म्हणजे अनेक बिऱ्हाडांची उंच इमारत. एडिंबरोच्या लॉनमार्केटमध्यें ‘ग्लॅडस्टोन्स लँड’ आजही उभी आहे. टॉमस ग्लेडस्टेन्स नांवाच्या व्यापाऱ्यानें ती १६१७ सालीं विकत घेतली, स्वतः तींत राहिला आणि इतर मजले भाड्यानें दिले. ‘बॅक लँड’ म्हणजे अशा इमारतीच्या मागील आवारांत, रस्त्याचें तोंडही न दिसणारी दुसरी इमारत. पुढची व मागची, दोहोंचा घरक्रमांक पुष्कळदां एकच असे. म्हणून ‘बॅक’ हा शब्द नक्कल करतांना गाळूं नये. त्या एका शब्दांत त्या कुटुंबाच्या ऐपतीची हकीकत असते. ‘क्लोज’ची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. एडिंबरोंत क्लोज म्हणजे दोहों बाजूंच्या उंच घरांमधला अरुंद बोळ, तर ग्लासगोंत त्याच शब्दानें इमारतीच्या आंतील सामाईक वाट व जिना समजतात. ‘टू अप लेफ्ट’ असें पुढें लिहिलें असेल, तर दोन जिने चढून डाव्या हाताचें बिऱ्हाड. १८६१ च्या स्कॉटिश शिरगणतींत तर प्रत्येक बिऱ्हाडाच्या खिडकी असलेल्या खोल्या किती, हेंही विचारलें आहे. आठ माणसें आणि अशी एकच खोली, ही नोंद वाचल्यावर पत्त्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं.

खेड्यांत गोंधळ निराळ्या प्रकारचा. मिल्टन म्हटलें कीं आमच्या पिढीस महाकवि आठवावयाचा. तेथें मिल्टन म्हणजे पाणचक्कीजवळची वस्ती. चर्चजवळची ती कर्कटन. जमीनदाराच्या वाड्यास लागून असलेली त्याची घरची शेती ती ‘मेन्स’. ‘कॉटन ऑफ अमुक’ असें वाचून कोणी कापसाचें शेत शोधूं लागेल, तर त्या थंड मुलखांत तें त्यास कोठून सांपडणार! झोपडी आणि जमिनीचा लहानसा तुकडा यांच्या बदल्यांत दुसऱ्याच्या शेतावर राबणारे जे मजूर, त्यांच्या झोपड्यांची ती वस्ती. अशीं नांवें ठिकठिकाणीं असल्यानें नुसतें ‘मेन्स’ किंवा नुसतें ‘मिल्टन’ कांहींच सांगत नाहीं. पॅरिशचें नांव जोडलें तरच तें पत्ता होतें.

आपल्या इतिहासांतील एक उदाहरण घेऊं. दुसरे बाजीराव १८१८ सालीं ज्याच्या स्वाधीन झाले, आणि जो पुढें १८२७ पासून १८३० पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता, तो सर जॉन माल्कम १७६९ सालीं डम्फ्रीझ परगण्यांतील बर्नफुट येथें जन्मला. बर्न म्हणजे ओढा, आणि ओढ्याचा ‘पाय’ म्हणजे तो नदीस मिळतो ती जागा. दक्षिण स्कॉटलंडांत बर्नफुट एकच नाहीं. म्हणून ‘एस्क नदीच्या खोऱ्यांतील, लँगहोमजवळचें’ असें सांगावें लागतें. माल्कमचा बाप तेथें मेंढ्या पाळणारा कूळ होता, जमिनीचा धनी नव्हता. हा भेद जुन्या कागदांत एकेका अव्ययानें दाखवीत: नांवापुढें ‘इन’ आणि मग शेताचें नांव आलें तर तो कूळ, ‘ऑफ’ आलें तर मालक. इंग्रजी शिकवितांना ही अव्ययें आम्हीं जन्मभर मुलांकडून घोटवून घेतलीं, पण त्यांत माणसाची सारी मिळकत मावते हें कोणत्याही व्याकरणांत छापलेलें नव्हतें.

नांवेंही बदलत. बोळास मालकाचें नांव असे. मालक बदलला कीं बोळही नवें नांव धारण करी. १९१२ सालीं गोव्हान व पार्टिक हीं शहरें ग्लासगोंत सामील झालीं, तेव्हां एकाच नांवाचे अनेक रस्ते एका शहरांत आले आणि पुढें त्यांतील कित्येकांचीं नांवें बदलावीं लागलीं. अशा वेळीं त्या त्या वर्षाची छापील डिरेक्टरी पाहावी. एडिंबरोची पहिली डिरेक्टरी पीटर विल्यमसन यानें १७७३ सालीं काढली. लहानपणीं ॲबर्डीनहून पळवून अमेरिकेंत विकलेला हा मुलगा परत येऊन राजधानीस पत्ते लावून देतो, हा योग मोठा विलक्षण होय. खेड्यांसाठीं सरकारी मोजणीखात्याचीं ‘नेम बुक्स’ आहेत; त्यांत प्रत्येक स्थळनांवाचे निरनिराळे लेखनप्रकार व ते कोणाच्या सांगण्यावरून घेतले हें दिलेलें आहे. घरांच्या आकारणीच्या वह्या १८५५ पासून दरसालच्या आहेत; त्यांत मालक, भाडेकरू, राहणार असे रकाने असतात.

या वह्यांचा खरा उपयोग एका नाजूक प्रसंगीं होतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास स्कॉटलंडांत अशी वहिवाट पडली कीं, अनाथगृहांत, म्हणजे पुअरहाउसमध्यें, जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर संस्थेचें नांव घालूं नये, नुसता रस्ता व क्रमांक घालावा. कारकुनाचें हें आच्छादन आम्हांस दयेचें वाटतें. त्या मुलास पुढें शाळेंत व नोकरींत तोच दाखला दाखवावयाचा होता. परंतु नातवंडें त्या रस्त्यावर आजीचें घर शोधीत बसतात. गोव्हान येथील पुअरहाउस १८७२ पासून मेरीफ्लॅट्स या जागीं, गोव्हान रोडवर होतें. १९२३ सालीं त्याचें सदर्न जनरल हॉस्पिटल झालें. दाखल्यावर गोव्हान रोड आणि क्रमांक एवढेंच असेल, तर त्याच सालच्या आकारणीच्या वहींत तो क्रमांक काढावा. मालकाच्या रकान्यांत पॅरिश कौन्सिल आढळलें, कीं उलगडा झाला.

आणि तेथें थांबूं नये. १८४५ च्या कायद्यान्वयें गरिबास मदत देण्याचा खर्च त्याच्या हक्काच्या पॅरिशवर पडे, आणि पांच वर्षें सलग वास्तव्य केल्यास परक्या पॅरिशमध्येंही तो हक्क लागत असे. त्यामुळें अर्जदार कोठें जन्मला, कधीं कोणत्या घरांत राहिला, हें तपासनीस खोदून खोदून विचारी आणि लिहून ठेवी. ग्लासगोच्या मिचेल लायब्ररींत अशा अर्जांचीं बाडें आहेत. जिच्यापाशीं स्वतःचें दारही नव्हतें अशा बाईचे एकामागून एक सर्व पत्ते त्यांत सांपडतात.