मातापित्यांचे भरण : दूर गेलेल्या अपत्यांचे आणि विहाराचे कर्तव्य

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त हे गृहस्थाच्या विनयाचे सुत्त म्हणून ओळखले जाते. सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगाल नावाच्या तरुणाला तथागतांनी दिशांचा नवा अर्थ सांगितला. दिशांची पूजा म्हणजे आपल्याशी निगडित असलेल्या माणसांप्रती कर्तव्यांचे पालन. त्यात पूर्व दिशा म्हणजे मातापिता. परमपूज्य बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही उपासकांच्या विनयात या कर्तव्यांना स्थान आहे.

ही कर्तव्ये दोन्ही बाजूंची आहेत, याकडे आपले पुष्कळदा दुर्लक्ष होते. अपत्यांनी वृद्ध मातापित्यांचे भरण करावे, त्यांची कामे करावीत, असे सुत्त सांगते. त्याचप्रमाणे मातापित्यांनी अपत्यांना शिल्प, म्हणजे उपजीविकेची विद्या, द्यावी असेही सांगते. आपल्या समाजातील आईवडिलांनी हे दुसरे कर्तव्य पराकाष्ठेचे कष्ट उपसून पार पाडले. रोजमजुरी करून त्यांनी मुलामुलींना शाळेत घातले, वसतिगृहात ठेवले. विद्या मिळाली, आणि विद्येने मुलांना गावाबाहेर नेले. कोणी मुंबई-पुण्यात, कोणी हैदराबादेत, कोणी आखाती देशांत आहे. गावी बौद्धवाड्यात म्हातारा-म्हातारी उरली. ज्यांनी आपले कर्तव्य केले, त्यांच्याच वाट्याला एकाकीपण यावे, हा आजचा प्रश्न आहे.

मुलांनी गाव सोडले हाच अपराध, असे आम्ही मानीत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर प्रहार केला होता. खेडे म्हणजे अज्ञान आणि संकुचितपणा यांचे घर, असे त्यांचे मत होते. गाव सोडणे हा आपल्यासाठी केवळ पोट भरण्याचा मार्ग नव्हता; तो जातीच्या जाचातून सुटण्याचाही मार्ग होता. म्हणून ‘मुले परत बोलवा’ हे या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. उत्तर शोधायचे ते ‘भरण’ या शब्दाच्या अर्थात.

भरण म्हणजे केवळ पैसा पाठविणे नव्हे. सुत्ताने भरण आणि कामे करणे ही दोन कर्तव्ये वेगळी मोजली आहेत, हे लक्षात घ्यावे. पैसा दुरून पाठविता येतो. दवाखान्याचा खर्च, घराची डागडुजी, किराणा हे दुरून भागविता येते. रोज ठरल्या वेळी फोन करून चौकशी करता येते. परंतु रात्री न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या आईला दुरून उचलता येत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत औषध घालायला हातच लागतात. पहिले कर्तव्य करणारे अपत्य दुसऱ्या कर्तव्यातून आपोआप मुक्त होत नाही. ते काम जवळच्या कोणाकडे तरी विश्वासाने सोपवावे लागते.

हे सोपविणे धम्माला परके नाही. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात साम जातकाची कथा चित्रित केलेली आहे. अंध मातापित्यांची सेवा करणारा साम पाणी आणायला गेला असता राजाच्या विषारी बाणाने घायाळ होतो. त्याला स्वतःच्या मरणापेक्षा आईवडिलांकडे आता कोण पाहील याचे दुःख अधिक होते. तेव्हा ज्याने बाण मारला तो राजाच त्यांच्या सेवेचा भार स्वीकारतो. कथेत पुढे साम वाचतो. परंतु अपत्य असमर्थ ठरते तेव्हा ती जबाबदारी राज्याकडे येते, हा विचार आजही मोलाचा आहे.

आजच्या राज्याने ती जबाबदारी कायद्याने काही अंशी स्वीकारली आहे. ‘मातापिता आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७’ हा कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही बांधील धरतो, आणि परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. ज्येष्ठांनी अधिकार दिल्यास नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थाही त्यांच्या वतीने अर्ज करू शकते. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा जमीन मुलाच्या नावे केली आणि त्याने सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मिळण्याची तरतूद कलम २३ मध्ये आहे. मात्र अशी अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहून घेणे शहाणपणाचे. २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचा लाभ खुला झाला आहे. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे. तथापि कायदा अन्न-औषध मिळवून देईल. तो संध्याकाळी ओट्यावर येऊन बसणार नाही.

तेथे संघाचे काम सुरू होते. विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची हकीकत आहे. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर निजविले. नंतर त्यांनी भिक्खूंना समजावले की, येथे तुमची शुश्रूषा करायला आई नाही, वडील नाहीत; तुम्ही एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहणार? सेवेची जबाबदारी आधी उपाध्याय, आचार्य, शिष्य अशा जवळच्यांची, आणि तसे कोणी नसेल तर संघाची, असा नियमही त्यांनी घालून दिला. जवळ कोणी नाही म्हणून माणूस बेवारस ठरत नाही, हा या नियमाचा गाभा आहे. गावात राहिलेल्या वृद्धांच्या बाबतीत तो उपासक-उपासिकांनी आपल्याला लावून घ्यावा.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. वर्षावासात आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. वाचनानंतर ‘आज कोण आले नाही?’ एवढा प्रश्न विचारून दोघांनी त्या घरी जाऊन यावे, आणि हा शिरस्ता वर्षावास संपल्यावरही मोडू नये. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची एक वही विहारात असावी : मुलांचे फोन क्रमांक, चालू औषधे, तालुक्याच्या दवाखान्यात सोबत कोण जाईल त्याचे नाव. वृद्धापकाळाच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो, बँकेच्या यंत्रावर कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. अशा वेळी शिकलेल्या तरुणाने सोबत जावे. दूर असलेल्या मुलांनी विहाराला दान देताना या कामासाठी म्हणून द्यावे. गावी आल्यावर त्यांनी इतरांच्याही आईवडिलांच्या घरी जावे.

वृद्धांकडेही एक कर्तव्य आहे. त्याच महावग्गात कोणत्या रुग्णाची सेवा करणे अवघड असते ते सांगितले आहे. त्यात आपला आजार आहे तसा न सांगणारा रुग्ण येतो. ‘आम्ही बरे आहोत, तू काळजी करू नकोस,’ असे फोनवर सांगून ताप लपविणारी आई प्रेमापोटीच तसे करते, परंतु त्यामुळे सेवेची वाट बंद होते. आणि जर्जर झालेल्या नकुलपित्याला, शरीर आजारी झाले तरी मन आजारी होऊ देऊ नये, हा तथागतांनी केलेला उपदेश प्रत्येक वृद्धासाठी आहे. त्रिशरण-पंचशील घेणे, नातवंडांना चळवळीच्या आठवणी सांगणे, विहारात लहान मुलांना अक्षरे गिरवायला शिकविणे, यांनी मन निरोगी राहते.

ज्या पिढीने आपल्याला गावाबाहेर पडण्याचे बळ दिले, ती पिढी गावातच थकत आहे. तिला आपल्याकडून उपकाराची परतफेड नको आहे. दारात कोणीतरी यावे, एवढीच तिची अपेक्षा आहे. दूर असलेल्या मुलाला दररोज दारात येता येत नसेल, तर त्याच्या वतीने आपण गेले पाहिजे.