ऑडिओबुक स्वस्तात कसं ऐकायचं? सबस्क्रिप्शनचा हिशेब आणि फोनमधला फुकटचा आवाज

कल्याणहून सीएसएमटीला रोज लोकलने जाणाऱ्या माणसाचे जाऊन-येऊन सव्वादोन तास तरी गाडीत जातात. गर्दीत पुस्तक उघडायला हात मोकळा नसतो, कान मात्र मोकळे असतात. महिन्याचे २२ दिवस धरले तर हे ५० तासांच्या आसपास जातं. अडीचशे-तीनशे पानांची कादंबरी ऐकून संपवायला साधारण आठ ते दहा तास लागतात. म्हणजे हा प्रवासी महिन्याला पाच कादंबऱ्या सहज संपवेल. रात्री झोपण्यापूर्वी वीस मिनिटं ऐकणाऱ्याचे मात्र महिन्याकाठी जेमतेम दहा तास होतात, म्हणजे एकच कादंबरी.

ऑडिओबुक महाग की स्वस्त, हे या फरकावर ठरतं. अॅपवर लिहिलेल्या किमतीवर नाही.

भारतात पैसे आकारण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. स्वीडनची स्टोरीटेल ही कंपनी २०१७ च्या अखेरीस भारतात आली, तेव्हापासून तिच्याकडे मराठी पुस्तकं आहेत. तिथे ठरावीक शुल्क भरायचं आणि मुदत संपेपर्यंत हवं तेवढं ऐकायचं. शुल्क थांबलं की ऐकणंही थांबतं. अॅमेझॉनच्या मालकीचं ऑडिबल २०१८ मध्ये भारतात आलं, ते मुख्यतः ‘क्रेडिट’वर चालतं. सुरुवातीचा दर महिन्याला १९९ रुपये होता आणि त्यात एक क्रेडिट, म्हणजे आपल्या पसंतीचं एक पुस्तक मिळत असे. क्रेडिटवर घेतलेलं पुस्तक सदस्यत्व बंद केल्यावरही खात्यात राहतं. न वापरलेली क्रेडिट्स मात्र सदस्यत्व बंद करताच जातात, त्यामुळे ती आधी खर्च करून टाकावीत.

कल्याणच्या प्रवाशाला पहिली पद्धत परवडते, वीस मिनिटंवाल्याला दुसरी. दोघांपैकी कोणीही बाराही महिने पैसे भरत राहण्याची गरज नाही. पावसाळ्यात दोन महिने मनसोक्त ऐकायचं आणि दिवाळीत बंद ठेवायचं, असंही चालतं. वर्षभराची योजना महिन्याच्या हिशेबाने स्वस्त दिसते, पण तिसऱ्या महिन्यात ऐकणं सुटलं तर तीच सगळ्यात महाग पडते. आणि पैसे भरण्यापूर्वी मराठी पुस्तकांची यादी जरूर चाळावी. ‘लाखो पुस्तकं’ या जाहिरातीतली बहुतेक पुस्तकं इंग्रजी असतात.

एक रुपयाची ट्रायल

खिशाला खरी कात्री लागते ती ट्रायलमध्ये. एक-दोन रुपयांत काही दिवस ऐकायला मिळतं, पण ते पैसे देताना यूपीआयवर ऑटोपेची परवानगीही दिली जाते. मुदत संपली की पुढच्या तीन महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आपोआप कापले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. ती सूचना येते, पण ऑफर्सच्या ढिगाऱ्यात बुडून जाते. सदस्यत्व घेणं एका टिचकीचं आणि रद्द करणं भूलभुलैयाचं, या प्रकाराला केंद्राच्या नोव्हेंबर २०२३ मधल्या ‘डार्क पॅटर्न’ नियमावलीत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हटलं आहे आणि त्यावर बंदीही आहे. तक्रारीची वाट आहेच. पण ट्रायल घेतली त्याच दिवशी यूपीआय अॅपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन ती परवानगी रद्द करणं कितीतरी सोपं. नुसतं अॅप काढून टाकल्याने ऑटोपे बंद होत नाही. अनेकांचे पैसे जातात ते याच गैरसमजापायी.

फुकट आणि तरीही कायदेशीर

यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर गाजलेल्या मराठी कादंबऱ्यांची वाचनं ढिगाने सापडतात. त्यांतली काही प्रकाशकांनी स्वतः टाकलेली असतात, अनेक तशी नसतात. फरक ओळखायला कायद्याची थोडी माहिती पुरते. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. साने गुरुजींचं निधन १९५० मध्ये झालं, त्यामुळे ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुली आहे. राम गणेश गडकरी आणि हरि नारायण आपटे दोघेही १९१९ मध्ये गेले, त्यांचं लेखन त्याआधीच खुलं झालं. वि. स. खांडेकरांच्या पुस्तकांसाठी २०३६ सरेपर्यंत थांबावं लागेल आणि पु. ल. देशपांडे यांच्यासाठी २०६० सरेपर्यंत.

यात एक मेख आहे. पुस्तक खुलं झालं म्हणून त्याचं ध्वनिमुद्रण खुलं होत नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि तोही प्रसिद्धीपासून ६० वर्षं चालतो. ‘श्यामची आई’ कोणीही वाचून रेकॉर्ड करू शकतं, पण एखाद्या कलाकाराने स्टुडिओत केलेलं वाचन उचलून दुसऱ्याने आपल्या चॅनलवर टाकलं तर ती चोरीच. मराठीत ऑडिओबुकचा ग्राहक आधीच थोडा आहे. दहा तासांच्या पुस्तकामागे वाचणारा, चुका काढणारा आणि संपादन करणारा यांचे कितीतरी दिवस जातात. ते पैसे वसूल झाले नाहीत तर पुढचं पुस्तक होत नाही, इतका हा हिशेब सरळ आहे.

इंग्रजी चालत असेल तर २००५ पासून स्वयंसेवकांच्या आवाजात जुनी पुस्तकं देणारं लिब्रिव्हॉक्स पूर्ण मोफत आहे. शेरलॉक होम्स तिथे ऐकता येतो. वाचकाचा आवाज कधी उत्तम, कधी यथातथा. आकाशवाणीच्या मराठी वाहिन्या ‘न्यूज ऑन एअर’ अॅपवर फुकट लागतात, फक्त वेळ त्यांची पाळावी लागते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडात राहणाऱ्या मराठी माणसांनी तर आधी गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड काढावं. तिथल्या बहुतेक ग्रंथालयांची ऑडिओबुकं लिबी अॅपवर उसनी मिळतात, एक पैसा न देता.

फोनच वाचून दाखवतो

मराठीसाठी सगळ्यात मोठा फुकटचा साठा मात्र ऑडिओबुकांचा नाही, मजकुराचा आहे. विकिस्रोतावर जुनी पुस्तकं आहेत, मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं मोफत उतरवता येतात आणि ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने ई-पुस्तकं वाटतं. हा मजकूर फोन मोठ्याने वाचून दाखवू शकतो. अँड्रॉइडमध्ये ‘अॅक्सेसिबिलिटी’खाली ‘सिलेक्ट टू स्पीक’ असतं, आयफोनमध्ये ‘स्पीक स्क्रीन’. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये ‘रीड अलाउड’ दाबलं की मराठीसाठी आरोही आणि मनोहर असे दोन आवाज निवडता येतात. ते ऐकायला बरेच नैसर्गिक आहेत, मात्र त्यासाठी इंटरनेट सुरू लागतं.

अडचण येते पीडीएफची. जुन्या मराठी पीडीएफ अनेकदा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण फोनला ती नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं वाटतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवावी. मराठी उमटलं तर फोन वाचेल, अगम्य चिन्हं उमटली तर नाही. आणि ओळ निवडताच येत नसेल तर ती पानं म्हणजे नुसते फोटो आहेत. अशी थोडी थोडी पानं गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडली की मजकूर वेगळा होऊन मिळतो. त्यात चुका राहतात, पण गोष्ट कळते.

यंत्राचा आवाज ‘चहा’तला च आणि ‘चोर’मधला च यांत गोंधळ घालू शकतो, संवाद कोणाचा हे त्याला कळत नाही आणि विनोद तर तो हमखास मारतो. माहितीपर लेखन, इतिहास, चरित्र त्याच्याकडून ऐकावं. कादंबरी आणि नाटकासाठी माणसाचाच आवाज हवा आणि पैसे खर्च करायचेच असतील तर ते तिथे करावेत.

ज्यांना दृष्टिदोषामुळे किंवा अन्य अपंगत्वामुळे छापील पुस्तक वाचता येत नाही, त्यांचा मार्ग वेगळा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे त्यांच्यासाठी लेखकाची परवानगी न घेताही पुस्तकाची ऐकता येईल अशी प्रत बनवता येते. याच हेतूने झालेल्या माराकेश करारालाही सर्वांत आधी, २०१४ मध्ये, भारताने मान्यता दिली. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय अशी पुस्तकं देतं. अपंगत्वाचा पुरावा देऊन त्याचं सदस्य होता येतं.