मृत्युपत्राचा खर्च

‘मृत्युपत्र करायला आम्ही काय सावकार आहोत?’ असा प्रश्न युनियनच्या कामात आम्हांला पुष्कळदा विचारला जातो. पण दोन खोल्या, प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी ही कामगाराची इस्टेटच होय.

खर्च तरी किती? १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र साध्या कागदावर चालते. स्टँप लागत नाही. करणाराची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी ऐच्छिक आहे. वकिलाचा सल्ला घेतलाच, तर त्याची फी.

आता न करण्याचा खर्च पाहा. हिंदू कुटुंबातला कर्ता माणूस मृत्युपत्राविना गेला आणि मागे पत्नी, दोन मुले व आई असली, तर १९५६ च्या कायद्याने त्याच्या स्वकष्टार्जित घराचे चार सारखे हिस्से होतात. मुले अज्ञान असतील, तर त्यांचे हिस्से विकायला किंवा गहाण टाकायला आईलासुद्धा कोर्टाची परवानगी काढावी लागते. फी, हेलपाटे आणि बुडालेली रोजी हा सारा बोजा त्या बाईवर पडतो. मृत्युपत्राने हे टळू शकते. आईबाप दोघेही गेल्यास मुलांचा पालक कोण, हेही त्यात लिहिता येते.

फंडाचा व ग्रॅच्युइटीचा वारसनामा भरायला तर पैसाही लागत नाही. लग्नानंतर तो नव्याने भरावा. मृत्यूच्या प्रसंगी ग्रॅच्युइटीला पाच वर्षांच्या नोकरीची अट नसते, हेही घरी सांगून ठेवावे.

पगारासाठी आपण भांडतो. तो पगार साठून झालेली पुंजी मुलांच्या हाती सुखरूप पडावी, हीही आपलीच मागणी आहे. फक्त ती आपण आपल्याकडेच करायची आहे.