बदलीवाला आणि कायमचा कामगार

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

परळच्या आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत एक काका राहत. उभा जन्म गिरणीच्या साचाखात्यात गेला. 1982 च्या संपानंतर गिरणी सुटली. दमा मात्र सुटला नाही. कुण्या डॉक्टरांनी दिलेल्या प्रेडनिसोलोनच्या गोळीने त्यांना बरे वाटू लागले. मग पुन्हा डॉक्टरांकडे जाणे राहूनच गेले. जुनी चिठ्ठी दाखवून ते दीड वर्ष रोज दहा मिलिग्रॅमची गोळी घेत होते. चेहरा चंद्रासारखा गोल झाला होता.

मी तेव्हा नुकताच डॉक्टर झालो होतो. चाळीतला पहिलाच. गोळीचे पाकीट बघून मी ऐटीत सांगितले, “काका, ही स्टेरॉइड आहेत. आजपासून बंद!” त्यांनी ऐकले. आठवड्याभरात त्यांना ताप आला, उलट्या सुरू झाल्या, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येई. आठव्या दिवशी त्यांना उचलूनच इस्पितळात न्यावे लागले. रक्तदाब खूप खाली गेला होता. तिथल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, “गोळ्या कोणी बंद केल्या?” मी मान खाली घातली. सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन दिल्यावर काही तासांत काका उठून बसले आणि चहा मागू लागले. त्या दिवशी मी जे शिकलो, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथी म्हणतात. ती कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करते. रक्तदाब आणि रक्तातली साखर टिकवणे, आजार, अपघात, शस्त्रक्रिया अशा संकटात शरीराला तग धरायला लावणे, हे त्याचे काम. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक पाठवून अ‍ॅड्रिनलला कामाला लावते. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसे झाले, की हा हुकूम आपोआप थांबतो.

प्रेडनिसोलोनसारखी औषधे म्हणजे कॉर्टिसॉलचीच कारखान्यात बनलेली भावंडे. 1948 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. 1950 मध्ये हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पण 1952 मध्येच वैद्यकीय नियतकालिकात एक सावध करणारी नोंद आली. कॉर्टिसोन घेणारा एक तरुण रुग्ण शस्त्रक्रियेनंतर काही तासांत दगावला होता. संकटाच्या वेळी त्याच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कामाला उठल्याच नाहीत.

असे का होते? गोळीतून आयता माल मिळू लागला, की मेंदूचा हुकूम बंद होतो. हुकूम नाही म्हणून ग्रंथीचे काम नाही, आणि काम नाही म्हणून ती रोडावते. गोळी थांबली तरी तिला पूर्वपदावर यायला काही आठवडे, काही महिने, क्वचित त्याहूनही अधिक काळ लागतो. मी हे समजावून सांगत होतो तेव्हा काका खाटेवरून म्हणाले, “अरे डाक्टर, सरळ सांग ना. बदलीवाल्याला काढायच्या आधी कायमचा माणूस साच्यावर उभा राहिला पाहिजे!” यापेक्षा सोपे मला आजवर सांगता आलेले नाही.

मग कायमचा माणूस कामावर आला की नाही, हे कसे ओळखायचे? तीन ते चार आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णाचा डोस डॉक्टर हळूहळू उतरवतात. शरीराची रोजची गरज साधारण चार ते सहा मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकी असते. तिथवर आल्यावर सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान रक्तातले कॉर्टिसॉल तपासतात, कारण ते पहाटे वाढते आणि मध्यरात्री सर्वांत कमी असते. रात्रपाळी करणारे पहारेकरी, परिचारिका यांनी हे डॉक्टरांना आधी सांगावे. त्यांचे घड्याळ वेगळे चालते. प्रेडनिसोलोनची शेवटची गोळी आणि तपासणी यांत निदान चोवीस तासांचे अंतर हवे, नाहीतर तपासणीचे यंत्र गोळीलाच कॉर्टिसॉल समजू शकते. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. गर्भनिरोधक गोळ्यांनीही आकडा फुगतो, म्हणून त्याही सांगाव्यात.

2024 च्या युरोपीय-अमेरिकी मार्गदर्शक सूत्रांनुसार आकडा दहा मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ग्रंथी कामावर आली असे मानून गोळी थांबवता येते. पाचच्या खाली असेल तर गोळी चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा तपासायचे. पाच ते दहाच्या मध्ये असेल तर तोच डोस ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचे. (हे माप प्रति डेसिलिटरचे आहे आणि प्रयोगशाळेनुसार त्यात थोडा फरक पडतो.) शंका राहिलीच तर एसीटीएचचे इंजेक्शन देऊन अर्ध्या तासाने आणि तासाने रक्त घेतात. ग्रंथीला हाक मारायची आणि ओ देते का ते पाहायचे, असा हा प्रकार.

एक गोष्ट विसरू नका. फक्त गोळ्यांनीच हे होते असे नाही. सांध्यात घेतलेली इंजेक्शने, मोठ्या मात्रेतले श्वासाचे पंप, महिनोन्‌महिने चोपडलेली गोरे करणारी वा खाजेची जहाल मलमे आणि सांधेदुखीवरच्या अनोळखी पुड्यांत लपवलेले स्टेरॉइड यांनीही ग्रंथी झोपी जाते. क्षयावरचे रिफॅम्पिसिन स्टेरॉइडचा शरीरातला निचरा लवकर करते. तेव्हा तोच डोस अपुरा पडू शकतो.

हे ऐकून कृपा करून कोणी गोळी बंद करू नका. दम्यात, संधिवातात, मूत्रपिंडाच्या विकारात या औषधाने असंख्य जीव वाचले आहेत. 2020 मध्ये कोविडच्या गंभीर रुग्णांत डेक्सामेथासोनने मृत्यू कमी होतात हेही सिद्ध झाले. दोष औषधाचा नाही, ते अचानक सोडण्याचा आहे. ताप, शस्त्रक्रिया, दात काढणे अशा वेळी डोस तात्पुरता वाढवावा लागतो, म्हणून प्रत्येक डॉक्टरला सांगा. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर सकाळची वाट पाहू नका, ताबडतोब इस्पितळ गाठा. “मी स्टेरॉइड घेतो” अशी चिठ्ठी, औषधाचे नाव आणि डोस लिहून, पाकिटात ठेवा.

काकांची गोळी अकराव्या महिन्यात सुटली. दम्यासाठी पंप आला. तरी ती चिठ्ठी त्यांनी पुढे कितीतरी दिवस शर्टाच्या खिशात ठेवली होती, जुन्या गिरणीच्या पासाशेजारी. मीही तेव्हापासून कोणाला “आजपासून बंद” असे म्हटलेले नाही. आधी विचारतो, किती दिवस घेताय?