मीटर टिकतो, ड्रायव्हर टिकवावा लागतो

दुबईतल्या जबल अलीत समुद्राचं पाणी गोडं केलं जातं आणि शहरासाठी वीजही तयार होते. १९७९ साली सुरू झालेलं बंदर, १९८५ साली उभं राहिलेलं मुक्त व्यापार क्षेत्र आणि आसपासचे कारखाने... इथे दाब, तापमान, व्होल्टेज, पाण्यातले क्षार यांची मोजणी अखंड चालू असते. मोजणाऱ्या उपकरणावर भरवसा ठेवायचा तर तेही ठरावीक मुदतीने अधिक अचूक उपकरणाशी ताडून पाहावं लागतं. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात.

एका मीटरच्या तपासणीत वेगवेगळ्या रेंजवर ढीगभर रीडिंग घ्यावी लागतात. ती हाताने वहीत उतरवायची म्हटली तर वेळ जातो आणि चुकाही होतात. म्हणून उपकरण संगणकाला जोडतात. संगणकाचा हुकूम उपकरणाला कळेल अशा रूपात पोचवणारा आणि उत्तर परत आणणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर.

हे काम किती किचकट असतं ते एचपी ३४५८ए या साडेआठ अंकी मल्टिमीटरवरून कळतं. १९८९च्या सुमाराला बाजारात आलेला हा मीटर कॅलिब्रेशन लॅबमध्ये आजही मानाने वापरला जातो. आजच्या बहुतेक उपकरणांना ‘*आयडीएन?’ असं विचारलं की कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर आणि फर्मवेअरची आवृत्ती एका ओळीत मिळते. हा हुकूम आयईईई ४८८.२ या १९८७च्या प्रमाणातला; त्यावर उभी राहिलेली हुकुमांची समान भाषा, एससीपीआय, १९९० साली ठरली. ३४५८ए मात्र यातलं काही पाळत नाही. त्याला नुसतं ‘आयडी?’ विचारावं लागतं. शिवाय ‘एंड ऑल्वेज’ हा हुकूम आधी दिला नाही, तर उत्तर कुठे संपलं हे संगणकाला कळत नाही आणि तो वाट पाहत राहतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला अशा खोडी एकेक करून माहीत असाव्या लागतात.

नवी उपकरणंही सरळ वागतातच असं नाही. रिगोल कंपनीचे काही ऑसिलोस्कोप उत्तर तुकड्यातुकड्यांत मागितलं की गोंधळत. लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या यूएसबी ड्रायव्हरमध्ये त्यांच्यासाठी वेगळा अपवाद लिहावा लागला: मागणी एकदाच करायची आणि सगळं उत्तर वाचून घ्यायचं. कोड खुला असल्यामुळेच ज्यांना अडचण आली, त्यांना ती शोधून दुरुस्त करता आली.

असेच आणखी खुले प्रकल्प आहेत. पायव्हिसा ही उपकरणांशी बोलण्यासाठीची पायथॉन भाषेतली लायब्ररी २००५ साली सुरू झाली. सिगरॉक हा प्रकल्प लॉजिक अ‍ॅनालायझरपासून साध्या मल्टिमीटरपर्यंत अनेक कंपन्यांची उपकरणं एका छत्राखाली आणतो. मात्र असे ड्रायव्हर एकदा लिहून भागत नाही. उपकरण पंचवीस-तीस वर्षं चालतं. तेवढ्यात संगणक, ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोग्रॅमिंगची भाषा कितीदा तरी बदलते. पायथॉन २चा आधार २०२० साली संपला, तेव्हा जुना चालता कोडही नव्याने तपासावा लागला. जीपीआयबी या १९७५ साली प्रमाणित झालेल्या जोडणीचे लिनक्स ड्रायव्हर बरीच वर्षं कर्नेलबाहेर, म्हणजे लिनक्सच्या मूळ गाभ्याबाहेर, सांभाळले जात होते. कर्नेल बदललं की त्यांनाही बदलावं लागे. जानेवारी २०२५मध्ये आलेल्या लिनक्स ६.१३मध्ये ते प्राथमिक विभागात का होईना, कर्नेलच्या आत आले.

ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांची सर्वात मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. शेकडो मॉडेलना आधार द्यायचा, पण त्यातली बहुतेक उपकरणं त्यांच्याकडे नसतात. एक दोष काढताना दुसऱ्या मॉडेलवर काही बिघडलं का, हे ते उपकरण जवळ असलेलाच सांगू शकतो.

अशी उपकरणं आहेत ती जबल अलीसारख्या औद्योगिक वसाहतींत, पुण्या-नाशिकच्या कारखान्यांत, इंजिनीअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये. तिथल्या मराठी इंजिनीअरांनी आणि तंत्रज्ञांनी खुला ड्रायव्हर वापरून थांबू नये. अडचण आली तर मॉडेल, फर्मवेअर, लायब्ररीची आवृत्ती, पाठवलेला हुकूम आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं कळवावं. दुरुस्ती आली की ती आपल्या उपकरणावर चालवून निकाल सांगावा. आणि ज्या कंपन्यांचं रोजचं काम या फुकट मिळालेल्या कोडवर चालतं, त्यांनी एवढ्यासाठी आपल्या माणसांना कामाच्या वेळेतले चार तास द्यावेत.