डिझेलची गाळणी का तुंबते?

डिझेल गाडी म्हटली, की मागे काळ्या धुराचा लोट हे समीकरण आपल्याकडे अनेक वर्षे पक्के होते. १ एप्रिल २०२० पासून देशभर 'भारत स्टेज-६' निकष लागू झाले आणि नव्या गाड्यांपुरते तरी ते मोडले. डिझेल मोटारींच्या धुरातील कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आली. त्यासाठी धुराच्या वाटेवर गाळणी बसवणे भाग पडले. 'डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर' अर्थात 'डीपीएफ' ती हीच. हा खर्च छोट्या गाड्यांना पेलणारा नव्हता. मारुती सुझुकीने त्याच दिवसापासून डिझेल गाड्यांना रामराम ठोकला.

या गाळणीची रचना मधमाश्यांच्या पोळ्यासारखी असते. सिरॅमिकच्या ठोकळ्यात असंख्य बारीक नळ्या. एक पुढून बंद, तर शेजारची मागून. त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतींतून झिरपतच बाहेर पडावे लागते आणि काजळी अलीकडे अडकते. चहाची गाळणी आपटून साफ करता येते. हिच्यातील काजळी मात्र जाळावी लागते आणि त्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. महामार्गावर गाडी एका वेगाने धावत असेल, तर धुरातील नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने त्याहून बऱ्याच कमी तापमानालाही काजळी हळूहळू जळत राहते. शहरात तेवढीही उष्णता मिळत नाही. मग गाडीचा संगणक थोडे जादा डिझेल उशिरा फवारतो, ते पुढच्या कॅटॅलिस्टमध्ये जळते आणि गाळणी तापते. यालाच 'रीजनरेशन' म्हणतात. चालकाला बहुधा त्याचा पत्ताही लागत नाही.

अडचण येते ती हे काम अर्धवट राहिले तर. घरापासून कार्यालय चार किलोमीटरवर, वाटेत सहा सिग्नल आणि पोहोचताच चावी बंद. काजळी जळायला सुरुवात होते न होते तोच इंजिन थांबते. असे रोज घडले, की काजळी साचत जाते. शिवाय उशिरा फवारलेल्या डिझेलचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये मिसळतो. ऑइल पातळ होते, त्याची पातळी मात्र वाढते. 'ऑइल कमी झालेले नाही' म्हणून समाधान मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. डिपस्टिकवरील वाढलेली खूण ही घटलेल्या खुणेइतकीच वाईट. टर्बोचार्जरच्या बेअरिंगलाही हेच ऑइल मिळते.

समोरचा दिवा लागल्यावर माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग चालवली, की बहुतेकदा काम भागते. दुर्लक्ष केले तर इंजिनाची ताकद आपोआप कमी केली जाते आणि सर्व्हिस सेंटर गाठावे लागते.

राखेची गोष्ट वेगळी. इंजिन ऑइलमधील रसायनांपासून तयार होणारी ही राख जळत नाही, ती कायमची साठते. म्हणूनच या गाड्यांना कमी राखेचे ऑइल सांगितलेले असते. पाच-सातशे रुपये वाचवण्यासाठी दुसरे ऑइल भरणारा आपल्या गाळणीचे आयुष्य खर्ची घालत असतो.

गाळणी वारंवार तुंबत असेल, तर दोष पुष्कळदा तिचा नसतोच. गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह किंवा ऑइल सोडणारा टर्बो जास्त काजळी करत असतो. तो न शोधता गाळणी धुऊन घेतली, की काही महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. काही गॅरेजांत गाळणीच काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. तो कायद्यात बसत नाही आणि मूळ बिघाड तसाच राहतो. फक्त काजळी रस्त्यावरच्या लोकांच्या छातीत जाते.

वापरलेली डिझेल गाडी घेणाऱ्याने रंग आणि टायर पाहण्याबरोबरच स्कॅनर लावून गाळणीतील काजळी व राखेचे प्रमाण तपासून घ्यावे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लाखभर किलोमीटर धावलेल्या गाडीची गाळणी शहरातच वीस हजार किलोमीटर फिरलेल्या गाडीपेक्षा मोकळी असू शकते.