जुना गुप्तरोग आणि टेस्ट ट्यूब बेबी

लग्नाला सहा-सात वर्षे झाली, मूल नाही. डॉक्टर टेस्ट ट्यूब बेबीचा खर्च सांगतात. अशा घरात एक प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही: पूर्वी झालेला गुप्तरोग आता आड येईल का? आम्ही तो इथे घेतो. ‘समाजस्वास्थ्य’मध्ये असे विषय छापले म्हणून र. धों. कर्व्यांवर खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली होती. मग आपण कशाला लाजायचे?

परमा आणि क्लॅमिडिया या रोगांत बाईला बहुतेक वेळा काही जाणवतच नाही. जंतू गर्भपिशवीतून नळ्यांत चढतात, सूज येते. औषधाने जंतू मरतात, पण चिकटलेली नळी सुटत नाही. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची भेट होते ती याच नळीत. टेस्ट ट्यूब पद्धतीत ही भेट प्रयोगशाळेत घडवतात. १९७८ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाच्या आईच्या नळ्याच बंद होत्या. म्हणून रोग पूर्ण बरा झाला असेल, तर नुसती बंद नळी उपचाराच्या आड येत नाही.

अडचण वेगळी आहे. नळीचे तोंड बंद होऊन आत पाणी साठले, तर ते गर्भपिशवीत झिरपते आणि गर्भ रुजण्याची शक्यता जवळजवळ निम्म्यावर येते. अशी नळी दुर्बिणीच्या ऑपरेशनने आधी काढली किंवा बंद केली, तर यश पुन्हा वाढते. म्हणून पैसे भरण्याआधीच विचारा, ‘नळीत पाणी आहे का?’ आपल्याकडे नळ्या टीबीनेही खराब होतात. टीबीने गर्भपिशवीचे अस्तरच खराब केले असेल, तर गर्भ रुजणे अवघड जाते. त्यामुळे जुना टीबीही लपवू नका.

दोष मात्र सुनेलाच मिळतो. रोग पुष्कळदा नवऱ्याकडून आलेला असतो, आणि त्याच्याही शुक्राणूंची वाट त्याने बंद होऊ शकते. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली छापलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, पण त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, नवऱ्याला लघवीच्या जागी पू येतो, तर नाशिकच्या सिव्हिलमध्ये सुरक्षा क्लिनिक विचारा. औषध फुकट मिळते: पुवासाठी राखाडी पाकीट, पांढऱ्या पाण्यासाठी हिरवे, ओटीपोटासाठी पिवळे. दोघांनीही घ्यायचे, डोस पूर्ण करायचा आणि केसपेपर जपून ठेवायचा. पुढे टेस्ट ट्यूबच्या डॉक्टरला तोच दाखवायचा.